आमची वाटचाल : पेनड्राईव्ह भरून देणारं दुकान

सांगलीत हरभट रोडला आमचं दुकान सुरू झालं ते झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर. पेनड्राईव्ह भरून द्यायचं काम आपसूक दारात आलं. तासगावच्या एका क्लासच्या सरांना व्हिडिओ धडे ४० मुलांना द्यायचे होते, कारण गावाकडं रेंजचा भरवसा नव्हता. मी आणि धाकटा भाऊ रात्री उशिरापर्यंत एकेक पेनड्राईव्ह लावत बसलो. चार दिवसांनी सर परत आले. सहा पेनड्राईव्हवरचे शेवटचे धडे उघडतच नव्हते.

कॉपीची पट्टी भरली की आम्ही पेनड्राईव्ह ओढून काढत होतो. पण पट्टी भरली तरी बराचसा डेटा संगणकाच्या मेमरीतच थांबलेला असतो, पेनड्राईव्हवर उतरायचा बाकी असतो. सर रागावले नाहीत. पण परीक्षेच्या तोंडावर मुलांची खोटी झाली, ती बोच अजून आहे.

त्यानंतर भावानं जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक चालवणारी खुली प्रणाली टाकली आणि आरसिंक हे फाईली कॉपी करणारं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा लोकांसमोर ठेवलं. ते फुकट आहे, त्याचा कोडही खुला आहे. आमच्यासारख्या दुकानाला परवान्याचे पैसे भरायला लागले असते तर हा धंदा उभाच राहिला नसता. आरसिंक मूळ फोल्डर आणि पेनड्राईव्ह ताडून बघतं आणि बदललेल्या फाईलीच पाठवतं. सरांनी दोन धडे सुधारले की दोनच जातात.

सुरुवातीला मात्र न बदललेल्या फाईलीही पुन्हा पुन्हा जायच्या. आठवडाभर डोकं खाल्ल्यावर कारण सापडलं. एफएटी पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राईव्हवर फाईलची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यानं साठते, त्यामुळं एका सेकंदाचा फरक राहतो आणि आरसिंकला फाईल बदललेली वाटते. तेवढा फरक सोडून दे, असं सांगणारा पर्याय त्यातच आहे.

आज टेबलावर वेगळ्या अडॅप्टरवर चालणारे दोन हब आहेत, म्हणजे एका वेळी बरेच पेनड्राईव्ह लावता येतील अशा खाचांच्या पट्ट्या. अडॅप्टर नसलेल्या हबवर दहा पेनड्राईव्ह लावले की मधलेच दोन-तीन गळायचे, वीज पुरायची नाही. प्रत्येक खाचेवर नंबराची चिकटपट्टी आहे. पेनड्राईव्ह घातला की यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेलं उपकरण ओळखणाऱ्या लिनक्समधल्या सोयीच्या, नियमातून कॉपीची स्क्रिप्ट (आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा) सुरू होते, आणि सात नंबरचा अडकला तर पडद्यावर सातच लाल दिसतो. एकाच हबवर सगळे लावले की वेग वाटला जातो आणि प्रत्येकाला वेळ लागतो, हे मी गिऱ्हाईकाला आधीच सांगतो.

माझ्या मते आमचं खरं काम कॉपी झाल्यावर सुरू होतं. लिहून झालं की पेनड्राईव्ह अनमाउंट करून (संगणकापासून नीट सोडवून), काढून, पुन्हा लावायचा आणि मगच चेकसम, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, मूळ फाईलशी जुळवायचा. लगेच तपासलं तर संगणक मेमरीतलीच प्रत वाचून सगळं बरोबर असल्याचं सांगू शकतो. यात वेळ जातो, पण ही पायरी आम्ही कधी गाळत नाही.

एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतलेल्या मालानं हे पक्कं शिकवलं. पेनड्राईव्हवर ३२ जीबी लिहिलेलं, आत जागा ८ जीबीचीच. कॉपी विनातक्रार व्हायची आणि पुढच्या फाईली नुसता कचरा निघायच्या. तेव्हापासून नवा माल आला की आधी एफ-थ्री या खुल्या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून, वाचून बघतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. डेस्कटॉप आणि झेरॉक्सचं मशीन गेलं. गिऱ्हाइकांच्या मूळ फोल्डरांची एक प्रत मात्र घरी माडीवरच्या हार्डडिस्कवर होती, रोज रात्री आरसिंकनंच घेतलेली. मिरजेकडच्या एका कीर्तनकार बुवांच्या घरातही पाणी शिरलं होतं, त्यांची सगळी रेकॉर्डिंग भिजून गेली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही त्यांना त्यांचीच कीर्तनं भरून दिली. बुवांनी दुकानात उभ्याउभ्या मोबाईलला पेनड्राईव्ह जोडून आपलाच अभंग लावला, आणि चिखल काढणारी आमची माणसं हातातली फावडी टेकवून तो संपेपर्यंत थांबली.