आमची वाटचाल : नंबरवही

लातूरला औसा रोडवर १९९६ च्या गुढीपाडव्याला दुकान सुरू केलं. दहा बाय बाराचं पत्र्याचं शेड, दारात कडुलिंब आणि पाटी : 'फ्रिज, कूलर, वॉटर कूलर दुरुस्ती'. पाटीवाल्यानं 'दुरुस्ती'तला 'दु' दीर्घ काढला होता. सुधारायला तो वीस रुपये जास्त मागत होता, म्हणून बारा वर्षं तसाच राहिला. भांडवल म्हणाल तर आयटीआयचं सर्टिफिकेट आणि हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली काढलेली दोन वर्षं.

हत्यारं मोजकी. ट्यूब कटर, फ्लेअरिंगचा सेट, एक गेज, ब्लो लॅम्प आणि शंभर वॅटच्या बल्बमधून करंट सोडून मशीन तपासायचा सीरिज बोर्ड. तो सीरिज बोर्ड अजून आहे. पोरं हसतात, त्यांच्याकडे क्लॅम्प मीटर आहेत. पण मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, बॉडीला लागलंय का हे तो बल्ब जितक्या बिनबोभाट सांगतो, तितकं दुसरं कुणी सांगत नाही.

गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लागतो, तो घ्यायची ऐपत नव्हती. भंगारातला एक कॉम्प्रेसर, म्हणजे फ्रिजमागचा गॅस दाबणारा काळा डबा, फळीवर बसवला, त्याच्या ओढणाऱ्या तोंडाला नळी जोडली, झाला पंप. या धंद्यातल्या निम्म्या लोकांनी सुरुवात अशीच केलेली आहे, मान्य कुणी करत नाही. असा पंप हवा काढतो, पण ओल पूर्ण काढत नाही. मग आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात : "मिस्तरी, चालतंय, मधीच थंडी सोडतंय, परत चालतंय." कॅपिलरीच्या, म्हणजे गॅसच्या अगदी बारीक नळीच्या, तोंडाशी पाण्याचा कण गोठतो, गॅस अडतो, कण वितळला की परत सुटतो. ती शिवी आपलीच असते, गिऱ्हाइकाला गॅसची क्वालिटी सांगायची नसते. १९९९ मध्ये हैदराबादहून जुना पण खरा, दोन स्टेजचा व्हॅक्यूम पंप आणला. त्या दसऱ्याला घरच्यांनी गाडीच्या आधी त्याला हळदकुंकू लावलं.

वकीलकाकू आमच्याकडं आल्या त्या १९९७ च्या उन्हाळ्यात. वकीलसाहेब जाऊन बरीच वर्षं झालेली, पण गल्लीसाठी त्या वकीलकाकूच. त्यांच्याकडे १६५ लिटरचा ऑलविन कंपनीचा फ्रिज होता, हैदराबादहून आणलेला, फिकट हिरवा. दोष किरकोळ होता. रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्विच, गेला होता. कॉम्प्रेसर "हूं" करायचा आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणारा स्विच, टक् करून लाइट तोडायचा. वीस मिनिटांचं काम. मी मागचं कव्हर काढून बसलो तर काकू चष्मा लावून शेजारी उकिडव्या बसल्या. माझ्याच टॉर्चच्या उजेडात कॉम्प्रेसरच्या बिल्ल्यावरचा नंबर त्यांनी वाचला आणि एका लांबट वहीत लिहिला. त्या वहीत दुधाचा हिशोब, सिलिंडर आल्याची तारीख, विजेच्या मीटरचं रीडिंग, सगळं. मला राग आला. चोर समजतात काय? तर म्हणाल्या, "तुझ्यावर संशय नाही रे बाबा. पुढं कुणी घेतला तर कळावं म्हणून."

पुढची आठ-नऊ वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम होतं, पोट भरत होतं. १ जानेवारी २००३ पासून नव्या फ्रिजमध्ये बारा नंबरचा (आर-१२) गॅस वापरायला बंदी आली, एकशे चौतीस (आर-१३४ए) आला, त्याचं तेल वेगळं, ते शिकलो. लोडशेडिंगनं घरं बेजार होती, आमचा मात्र धंदा वाढला. लाइट आली की लोक धावत जाऊन फ्रिज चालू करायचे. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर समान व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, त्याआधी दाबाविरुद्ध उठायला गेला की वाइंडिंगवर येतं. डिले असलेला, म्हणजे लाइट आल्यावर थोडं थांबून चालू करणारा, स्टॅबिलायझर घ्या, हे मी तेव्हा सांगत होतो, आजही सांगतो. ऐकत कुणी नाही.

२००४ मध्ये हाताखाली एक पोरगा ठेवला. हात चांगला होता त्याचा. तांब्याची नळी आणि लोखंडाची नळी जोडायला चांदीची रॉड लागते, ज्योत तांब्यावर थोडी जास्त फिरवायची असते, हे त्याला मी हात धरून शिकवलं. २००६ च्या दिवाळीला बोनस घेतला आणि समोरच, रस्त्याच्या पलीकडे, दुकान टाकलं. टाकू दे. ज्याच्या हातात कला आहे त्यानं दुकान टाकावंच. नाव मी घेत नाही, लातुरात ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

त्यानं गॅसचा भाव निम्मा केला. कसा, ते मला दोन महिन्यांनी कळलं. घरगुती लाल सिलिंडरमधून भरत होता. फ्रिज थंड होतो, खोटं का बोला. पण तो पेटणारा गॅस, आणि त्या जुन्या मशिनांत थर्मोस्टॅट आणि दाराचा स्विच आतल्या बाजूला ठिणगी पाडतात. (आताच्या फ्रिजमध्ये सहाशे ए (आर-६००ए) गॅस येतो, तोही पेटणाराच. पण तो पन्नास-साठ ग्रॅमच असतो आणि वायरिंग, स्विच सगळं त्या हिशोबानं बनवलेलं असतं. दोन्ही एकच समजू नका.)

भावानं मी मेलो नसतो. मेलो असतो ते अफवेनं. एका मास्तरांच्या फ्रिजचं वाइंडिंग जळालं होतं. कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना (स्टार्ट, रन, कॉमन) मोजल्या. चांगल्या कॉम्प्रेसरात स्टार्ट आणि रनमधला ओहम, म्हणजे तारेचा विजेला अडथळा, बाकी दोन्हींच्या बेरजेइतका भरतो, इथं रनचं वाइंडिंग जवळजवळ शून्य दाखवत होतं. मास्तर शाळेत. त्यांना फोन लावला, ते म्हणाले, "करून टाका." नवा टाकला, पावती दिली, जळका दुकानात भंगाराच्या ढिगात ठेवला. चूक तिथं झाली. जळका त्यांच्या हातात द्यायला पाहिजे होता.

चार दिवसांनी मास्तर चौघांना घेऊन दुकानात. "आमचा चांगला कॉम्प्रेसर काढून घेतला म्हणलालेत लोकं." कोण म्हणतंय विचारलं तर सगळे समोरच्या दुकानाकडे बघायचे आणि बोलायचं कुणीच नाही. मी ढिगातून त्यांचा जळका काढून बल्ब लावून दाखवला. मास्तर म्हणाले, हा आमचाच कशावरून? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फ्रिजवाल्याला चोर म्हणायचं असेल तर एवढं एकच वाक्य पुरतं, 'कॉम्प्रेसर बदलला'. त्या काळ्या डब्यात काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळं कुणी काहीही सांगितलं तर पटतं. २००७ च्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा दिवसाला चौदा-पंधरा कॉल असायचे, तेव्हा दोन यायला लागले. तेही "इथंच करा, दुकानात न्यायचा नाही" या बोलीवर. जूनपर्यंत तीन महिन्यांचं भाडं थकलं. घरच्यांची साखळी गहाण गेली. आणि शेवटी व्हॅक्यूम पंप विकला. कुणाला, विचारू नका. समोरच्यानंच मधल्या माणसाला पुढं करून घेतला. रस्त्यापलीकडून त्याचा आवाज यायचा, मला तो आवाज पाठ होता. मी परत फळीवरच्या भंगार कॉम्प्रेसरवर आलो.

दुकान बंद करून पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली जायचं ठरवलं होतं. त्या आठवड्यात वकीलकाकूंचा निरोप आला, फ्रिजच्या दाराचा रबर ढिला पडलाय. गेलो. रबर बसवला, नोट दारात दाबून ओढून बघितली, चारी बाजूंनी धरत होती. काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "पुण्याला चाललास म्हणे?" मी सगळं ओकलो. त्यांनी ऐकून घेतलं, वही आणली, मला टॉर्च मारायला लावला आणि नंबर परत वाचला. दहा वर्षांत मी तो फ्रिज तीनदा उघडला होता. नंबर तोच.

पुढं त्यांनी काय केलं ते मला दुसऱ्यांकडून कळलं. एकादशीला देवळात बायका जमल्या होत्या, त्यात मास्तरीणबाईही होत्या. काकूंनी वही तिथं नेली होती. भांडण नाही, आरडाओरड नाही. वही उघडली, तारखा वाचल्या, नंबर वाचला आणि म्हणाल्या, "बायांनो, आपापल्या फ्रिजचा नंबर आधी लिहून ठेवा, मग मिस्तरीला चोर म्हणा."

त्याच आठवड्यात मी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. तेव्हापासून नियम असा, फ्रिज उघडण्याआधी कॉम्प्रेसरचा नंबर गिऱ्हाइकानं स्वतःच्या अक्षरात लिहायचा, सही करायची. बदलावा लागला तर जुन्याचा नंबर, नव्याचा नंबर, आणि जुना त्याच्या हातात, तेल गळत असलं तरी. आम्ही तिला नंबरवही म्हणतो. सध्या तेविसावी चालू आहे. दिवाळीपर्यंत भाडं फिटलं, पुढच्या वर्षी नवा पंप आला, आणि पाटीवरचा 'दु' सुद्धा सरळ केला. समोरचं दुकान २०११ ला मोबाइल रिचार्जचं झालं. मास्तर मात्र अजून रस्त्यात भेटले की, "काय मिस्तरी, बरंय ना?" एवढंच विचारतात. मी बरंय म्हणतो.

मधली वर्षं सोडतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात कोण फ्रिज दुरुस्त करतंय! लोक रिकामी भांडी घेऊन टँकरमागं होते. एक सांगून ठेवतो, कारण दर उन्हाळ्यात आठ-दहा तरी येतात. फ्रीजरमधला बर्फ सुरीनं, चमच्यानं खरवडू नका. डायरेक्ट कूलमध्ये, म्हणजे ज्यात बर्फ साचतो त्या साध्या फ्रिजमध्ये, त्या पत्र्यातच गॅसची नळी असते, पातळ ॲल्युमिनियमची. सुरी एक इंच घसरली की फुस्स. दार उघडं ठेवा, फ्रिज बंद करा, दोन तास धीर धरा.

२०१९ मध्ये काकूंच्या मुलानं त्यांना दोन दारांचा मोठा फ्रिज पाठवला, आइसमेकरवाला. एका महिन्यात बर्फ बंद. कंपनीची माणसं तीनदा आली. आधी आइसमेकरचा अख्खा सेट बदलला, मग पाण्याचा व्हॉल्व्ह, मग बोर्ड. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बर्फ, तोही पापडासारखा पातळ, मग परत काही नाही. चौथ्यांदा ते येईनात. काकूंनी मला बोलावलं. वॉरंटीतल्या मशिनला मी हात लावत नाही, म्हणून आधी फक्त बघितलं.

भरायच्या नळीचं तोंड बर्फानं बंद. हेअर ड्रायरनं वितळवलं. मग फ्रिजमागची पाण्याची नळी काढून बादलीत सोडली. धार कसली, आजारी माणसाच्या सलाइनसारखी. वर बघितलं, एकमजली घर, टाकी स्लॅबवर. पाण्याची पातळी ते व्हॉल्व्ह, धरा चार मीटर. दहा मीटर उंचीला चौरस इंचाला साधारण चौदा पौंड दाब मिळतो, म्हणजे इथं जेमतेम पाच-सहा. या व्हॉल्व्हला कमीत कमी वीस लागतात. म्हणजे टाकी चौथ्या मजल्यावर पाहिजे! व्हॉल्व्ह ठरलेले काही सेकंदच उघडतो. दाब कमी, तर साच्यात पाणी कमी, म्हणून पापड. त्यात हा व्हॉल्व्ह नीट बंद व्हायलाही पाण्याचाच दाब लागतो. तो नसला की थेंब थेंब झिरपतो, आणि तो थेंब नळीतच गोठतो. व्हॉल्व्हच्या जाळीवर बोअरच्या पाण्याची पांढरी खपली होती ती वेगळीच. फ्रिजमधला कार्बनचा फिल्टर क्षार काढत नाही, आणि आपल्याकडं बोअरचं पाणी कसलं आहे ते केटलीचा तळ बघा.

नळ सोडला की आपोआप चालणारा छोटा प्रेशर पंप लावला, पाणी आरओच्या टाकीतून घेतलं. फ्रिजचा एक स्क्रूही उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ पडल्याचा खडखड आवाज आला आणि काकू दचकून उठल्या, चोर आला वाटलं. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्यायचा असतो, हे मी सांगितलं होतं. लातूरच्या बाईला पाणी टाकून द्या म्हणायचं! त्यांनी तो बादलीत जमवला आणि वितळल्यावर तुळशीला घातला. पुढचा बर्फ नातवंडं आली तरच निघतो, काकू माठातलंच पितात.

ऑलविन त्यांनी दुकानात आणून ठेवायला लावला. अजून चालतो, गिऱ्हाइकांचं पाणी त्यात असतं. मागच्या महिन्यात काकू रिक्षानं आल्या. ऐंशी पार, गुडघे दुखतात. मी खुर्ची पुढं केली तर बसल्या नाहीत. पिशवीतून ती लांबट वही काढली, मला टॉर्च मारायला सांगितला आणि एका हातानं माझा खांदा धरून फ्रिजमागं वाकल्या. बराच वेळ बघत होत्या.

"जुळतोय," म्हणाल्या. मग मी चहा सांगितला.