डेडस्टॉकमधला बीबीसी मायक्रो आणि 'न सापडलेला' सीपीयू

शाळेच्या कपाटात पडून असलेला जुना बीबीसी मायक्रो, म्हणजे ऐंशीच्या दशकातला शाळांमधला संगणक, पुन्हा सुरू करायचा असेल, तर सोल्डरिंग हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे ते डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. माझा अर्ज आणि शाळा समितीचा ठराव विनासायास झाला. प्रकरण प्रत्यक्ष पडताळणीत अडकलं आणि तिथेच रुतून बसलं. आठवलं की अजूनही चिडचिड होते.

मूळ नोंद साधी होती : 'बीबीसी संगणक संच, नग १'. पुढे जुनं रजिस्टर नव्या वहीत उतरवताना कुणीतरी तो संच फोडून लिहिला : मॉनिटर १, सीपीयू १, कीबोर्ड १, टेपरेकॉर्डर १. लिहिणाऱ्यासमोर तोवर नेहमीचे पीसी आले असणार, त्यामुळे सीपीयूची वेगळी पेटी असतेच हे त्याने गृहीत धरलं. पडताळणीसाठी कपाट उघडलं तेव्हा मॉनिटर, टेपरेकॉर्डर आणि एक जाडजूड कीबोर्ड निघाला. शेरा पडला : 'सीपीयू आढळून आला नाही.'

वस्तू आढळली नाही म्हटलं की जबाबदारी निश्चित करणं आलं, वसुली आली. मुख्याध्यापिका बाई पुढे सही करेनात, आणि त्यांच्या जागी कुणीही केली नसती. खुलाशाचं पत्र दिलं, तर 'नोंदीप्रमाणे वस्तू सादर कराव्यात' एवढंच लिहून परत. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. ज्या वस्तूसाठी एवढं अडलं होतं ती टेबलावर समोर ठेवलेली होती.

बीबीसी मायक्रोला सीपीयूची वेगळी पेटी नसतेच. केंब्रिजमध्ये १९७८ साली हर्मन हाउझर आणि ख्रिस करी यांनी काढलेल्या एकॉर्न या लहानशा कंपनीचं हे यंत्र. बीबीसीला संगणक साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी संगणक हवा होता. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८१ मध्ये आठवड्याभरात नमुना चालू करून दाखवला आणि काम एकॉर्नला मिळालं. कीबोर्ड, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय सगळं एकाच पेटीत. १९८४ मध्ये आपल्याकडे शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, त्यातून ही यंत्रं भारतातल्या शाळांत पोचली. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच यंत्र 'युनिकॉर्न' नावाने बनवलं, तेव्हा रजिस्टरमध्ये बीबीसी दिसलं नाही तर युनिकॉर्नही शोधा.

कागदांनी काम होईना तेव्हा यंत्रच उघडून दाखवलं. झाकणाचे चार स्क्रू असतात, दोन मागे आणि दोन खाली पुढच्या बाजूला. शेजारी 'फिक्स' असं छापलेलं असतं. झाकण निघालं की कीबोर्ड सोडवायचा. त्याची सतरा तारांची रिबन आणि स्पीकरची जोडतार हळूच काढायची. खाली पूर्ण बोर्ड दिसतो. त्यावर आयसी १ असं लिहिलेल्या जागी चाळीस पायांची ६५०२ ही प्रोसेसर चिप आहे. तिच्यावर बोट ठेवून सांगितलं, हा सीपीयू. बोर्डाचा, चिपचा आणि अनुक्रमांकाच्या लेबलचा फोटो काढला, दोन शिक्षकांच्या सहीने पंचनामा केला, आणि तेव्हा कुठे शेरा बदलला.

उघडायलाही परवानगी लागते. म्हणून समितीच्या ठरावात 'तपासणीसाठी झाकण उघडणे' हे शब्द आधीच घालून घ्या. रजिस्टरमधल्या दुरुस्तीला व्हाइटनर लावू देऊ नका. जुन्या ओळीवर एकच आडवी रेघ, खाली लाल शाईत 'संगणक, कीबोर्ड व सीपीयू एकाच पेटीत, नग १', पंचनाम्याची तारीख आणि मुख्याध्यापकांची सही.

अर्जात 'निर्लेखन', म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकणे, हा शब्द अजिबात नको. तो आला की यंत्र ई-कचऱ्यात जातं आणि किलोवर मोजलं जातं. 'जतन व दुरुस्ती' असं लिहा. का जपायचं असं विचारलं, तर सांगण्यासारखं खूप आहे. एकॉर्नने स्वतःचा एआरएम प्रोसेसर बनवला. २६ एप्रिल १९८५ रोजी तो पहिल्यांदा चालला, आणि चालला तो बीबीसी मायक्रोलाच दुसरा प्रोसेसर म्हणून जोडून. पेटीच्या पोटाखाली 'ट्यूब' नावाचं पोर्ट आहे, ते त्यासाठीच. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्यातला प्रोसेसर असतो. माझ्या पत्राला हा परिच्छेद जोडल्यावर समितीत कुणी भंगाराचं नाव काढलं नाही.

आता दुरुस्ती. परवानगी मिळाली म्हणून लगेच प्लग लावू नका. स्विच मोड पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला बारीक तडे जातात, आत ओल शिरते आणि वीज दिल्यावर थोड्याच वेळात दाट, घाणेरड्या वासाचा धूर निघतो. वरून ठणठणीत दिसले तरी दोन्ही बदला. नवे एक्स २ वर्गाचे, २७५ व्होल्ट एसीचेच घ्या. सप्लाय उघडण्याआधी प्लग काढून थोडं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून बघा. तिथे तीनशे व्होल्टच्या वर विद्युतभार साठलेला असू शकतो.

सप्लायमधून पाच व्होल्टच्या तीन जोड्या आणि उणे पाच व्होल्टची एक तार निघते. बोर्डाला जोडण्याआधी एका जोडीवर गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब भार म्हणून लावा आणि व्होल्टेज मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर असेल तर बोर्डाला जोडू नका.

सगळं ठीक असेल तर सुरू करताच दोन स्वर येतात आणि पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के' उमटतं. एकच स्वर लांबत राहिला तर साउंड चिपला गप्प करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग चाललेलाच नाही. अशा वेळी आधी आयसी ५१ ची रॉम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम साठवलेली चिप, सॉकेटमधून काढून पाय साफ करा आणि परत बसवा. बऱ्याचदा गंजलेले पाय एवढंच कारण असतं.

चित्र कृष्णधवल आलं तर घाबरू नका. मागच्या व्हिडिओ सॉकेटवर रंग मुळात येतच नाहीत, त्यासाठी बोर्डावरचा एस ३९ हा दुवा जोडावा लागतो. आरजीबी सॉकेट नेहमीच्या व्हीजीए मॉनिटरला चालत नाही, कारण आडवी वारंवारता १५.६ किलोहर्ट्झच्या आसपास आहे.

आणि कीबोर्ड, प्रिंटर वगैरेंशी देवाणघेवाण सांभाळणारी ६५२२ चिप बदलायची वेळ आली तर, दुकानदार काहीही म्हणो, नव्या डब्ल्यू ६५सी२२ चा 'एस' प्रकार घेऊ नका. बीबीसी मायक्रोत इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधून घेणारी, तार अनेक चिप्समध्ये सामाईक आहे आणि 'एस' चिप ती तार मोकळी सोडत नाही. 'एन' प्रकार चालतो. जुनी ६५२२ए मिळाली तर उत्तमच.