भल्या माणसांनी बांधलेला तुरुंग

फिलाडेल्फियात दोनच दिवस होते. बरोबरची मंडळी लिबर्टी बेल बघायला गेली आणि मी फेअरमाउंट अव्हेन्यूवर उतरले. समोर तीस फुटी दगडी भिंत आणि बुरूज, लांबून किल्लाच वाटावा. ही ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. १८२९ साली उघडलेला हा तुरुंग १९७१ मध्ये बंद झाला. आता तिकीट काढून आत जायचं.

नावातच पेनिटेन्स आहे, म्हणजे पश्चात्ताप. अठराव्या शतकातले तुरुंग म्हणजे नुसता कोंडवाडा होता. खुनी, कर्जबाजारी, पोरंटोरं, सगळी एकत्र. इंग्लंडात तर निर्दोष सुटलेले लोकही जेलरची फी देता येईना म्हणून आतच राहत. १७७३ मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्डने हे पाहिलं आणि तुरुंगसुधारणेसाठी उरलेलं आयुष्य वेचलं. फिलाडेल्फियातही १७८७ मध्ये काही भल्या लोकांनी संस्था काढली. त्यांच्यावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा मोठा प्रभाव. त्यांचं म्हणणं सरळ होतं: चाबूक नको, कैद्याला एकटं ठेवा, हातात बायबल द्या, त्याचं मन त्यालाच खाईल.

वाकून कोठडीत शिरले. पोपडे सुटलेल्या भिंती, कमानदार छत आणि छताला एकच झरोका. त्याला ‘देवाचा डोळा’ म्हणत. प्रत्येक कोठडीला शौचकूप, गरम ठेवायची सोय, मागे स्वतंत्र अंगण. व्हाइट हाउसमध्ये तेव्हा नळाचं पाणीही नव्हतं! हे सगळं कशासाठी, तर कैद्याला बाहेर पडायची गरजच पडू नये म्हणून. बाहेर न्यायचंच झालं तर डोक्यावरून बुरखा. सुटल्यावर त्याला कुणी ओळखू नये, हाही त्यामागचा एक हेतू. म्हणजे बुरख्यातही दयाच. मला इथे खरंच मळमळलं.

पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स. गुन्हा घरफोडीचा, त्यात एक घड्याळ गेलेलं. शिक्षा दोन वर्षं. (गर्दी मात्र कुख्यात गुंड अल कपोनच्या कोठडीपुढे. तिथे मी थांबले नाही.)

१८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स इथे येऊन कैद्यांशी बोलला. हेतू दयाळू आहे हे त्याने मान्य केलं, पण मेंदूशी रोज चालणारा हा खेळ शरीराच्या छळाहून भयंकर आहे, असं स्पष्ट लिहिलं. त्यानंतरही ही पद्धत कागदावर १९१३ पर्यंत टिकली. प्रत्यक्षात ती कधीच ढासळली होती आणि त्याला मोठं कारण गर्दी. कैदी वाढले, एकेका कोठडीत दोघे-दोघे आले.

त्याआधीही कैदी गप्प नव्हतेच. ऊब यावी म्हणून घातलेल्या पाइपांवर टकटक करून ते शेजाऱ्याशी बोलत. कोपऱ्यात एक गंजकी नळी उरली होती. मी तिच्यावर अंगठीने दोनदा वाजवलं. शेजारच्या कोठडीत कुणाची तरी छोटी मुलगी होती. तिने तीनदा वाजवलं.