निनावी मेल आणि अंगठ्याचा फोटो

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. चाळीसेक कामगारांच्या पगारातून पीएफचे 12 टक्के दरमहा कापले जायचे. पण सात महिने ते भरलेच नव्हते. खरं तर पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे असतात. पीएफ कार्यालयाला कळवायचं ठरवलं, पण नाव न देता. माझ्या घराचा हप्ताही त्याच पगारातून जातो.

तांत्रिक भाग एका रात्रीत उरकला. टॉर ब्राउझर घेतला. तो आपली वाट तीन वेगवेगळ्या संगणकांतून फिरवतो, त्यामुळे मेलवाल्यांना आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा नंबर, दिसत नाही. त्यातूनच प्रोटॉन या स्विस मेलसेवेवर नवं खातं उघडलं. नुसत्या प्रोटॉनवर भिस्त नको. 2021 मध्ये स्विस आदेशावरून त्यांना फ्रान्समधल्या एका आंदोलकाचा आयपी द्यावा लागला होता. रिकव्हरीचा, म्हणजे दुसरा मेल किंवा फोन नंबर विचारणारा, रकाना कोरा ठेवला. आणि हे सगळं घरून, ऑफिसच्या वायफायवरून नाही. 2013 मध्ये हार्वर्डला परीक्षा टाळायला बॉम्बचा खोटा मेल धाडणारा विद्यार्थी टॉर वापरूनही सापडला. मेल येण्याआधी त्याने विद्यापीठाच्याच वायफायवरून टॉर उघडल्याची नोंद होती.

मी खूश. पाठवायच्या आधी बायकोला दाखवलं.

"अहो, हा अंगठा तुमचाच ना?"

पगाररजिस्टरच्या फोटोत कोपऱ्यात माझा अंगठा, शेजारच्या बोटात पुष्कराज. फोटोची माहिती उघडली तर जागेचे अक्षांश-रेखांशही होते. एक्सेलच्या फाइलमध्ये 'लेखक' म्हणून माझं अख्खं नाव.

"अन् हे रजिस्टर बघते कोण?"

"मी, साहेब आणि कॅशिअर."

"मग लपवता कायले? सहीच करून टाका ना!"

दोन दिवस मेल तसाच पडून राहिला. मग टपरीवर एका पोराने मोबाइलवर स्वतःचं पीएफ पासबुक दाखवलं: सात महिने कोरे. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असलेल्या चाळीसही जणांना हे दिसतं! फोटो, एक्सेल सगळं काढून टाकलं. माझी 'उपरोक्त विषयान्वये' ही खोडही काढली. उरल्या पाच ओळी: कारखान्याचं नाव, महिने, आणि कामगारांची पासबुकं तपासा.

तीनेक आठवड्यांनी कार्यालयातून चलनांची विचारणा आली. साहेब चिडून म्हणाले, "कोण्या तरी पोट्ट्याने पासबुक दाखवलं असन."

थकबाकीवरचं वर्षाला 12 टक्क्यांचं व्याज काढायला त्यांनी मलाच बसवलं.