रिंग घेऊ का, काका?

"काका, बॅरलच्या टोकाला लावायची ती रिंग घेऊ का? सगळ्यांनी घेतलीय." ठाण्याच्या आमच्या एअर रायफल रेंजवर दर रविवारी कोणाची तरी आई नाहीतर बाबा हे विचारतातच. मी कोच नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३१ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. निवृत्तीनंतर नातीला सोडायला रेंजवर यायचो; ती कंटाळून बॅडमिंटनला गेली, मी राहिलो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

त्या रिंगेला ट्यूनर म्हणतात. छर्रा सुटताना बॅरल थरथरतं. टोकावरचं वजन पुढेमागे सरकवलं की थरथर बदलते आणि नेमक्या आकड्यावर छर्रा टोक स्थिरावलेल्या क्षणी बाहेर पडतो, असा दावा. ऐकायला वेडगळ नाही, म्हणून तर मीही एक आणला.

त्यावर २० आकडे. प्रत्येकावर पाच-पाच शॉट मारले. तेराव्या आकड्यावर असं काही ग्रुपिंग, म्हणजे भोकांचा इतका घट्ट पुंजका, पडलं की तो कागद घडी करून खिशात ठेवला, घरी बायकोला दाखवला. (तिने "छान भोक आहे" म्हणून परत दिला.) पुढच्या रविवारी पुन्हा तेरा लावला, तर ग्रुप चारचौघांसारखा. आधी पावसाळी हवेला दोष दिला, मग छऱ्यांना. रात्री अंथरुणात उजाडलं: रिंगेला हातही न लावता २० ग्रुप मारले असते, तरी त्यांतला एक सगळ्यांत लहान निघालाच असता! कारखान्यात असं सॅम्पलिंग कोणी केलं असतं तर मी त्याला उभा केला असता.

आणि तीन शॉटचा ग्रुप तर कोणी दाखवूच नये. तीच रायफल, तोच डबा, पण दहा शॉटचा ग्रुप तीन शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून मोठा पडतो, कारण जास्त छर्रे मारले की एखादा लांब भरकटायची संधी वाढते. म्हणून ग्रुप मोजताना सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर घेणं मी सोडलं. सगळ्या छऱ्यांचा मध्य काढून प्रत्येक छर्रा त्यापासून किती लांब गेला, त्याची सरासरी घेतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर हे सोपं. कागदावर अवघड, कारण चांगली रायफल पाचही छर्रे एकाच भोकातून घालते. फरक किती बारीक असतो, तर एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर.

मग परीक्षा नीट मांडली. रायफल क्लॅम्पमध्ये, छर्रे एकाच डब्यातले. दोनच स्थिती ठेवल्या, तेरा आणि शून्य. दहा-दहा शॉटच्या वीस फैरी, दहा तेरावर, दहा शून्यावर. क्रम चिठ्ठ्या टाकून. सकाळी सगळा तेरा आणि दुपारी सगळा शून्य असं केलं, तर तापलेल्या पत्र्याचं श्रेय रिंगेला जाईल. रिंग रेंजवरचा एक मुलगा फिरवायचा, वर रुमाल टाकायचा आणि वहीत लिहायचा. मला वही शेवटपर्यंत बंद. उघडली तेव्हा दोन्ही ढीग इतके सारखे की कुठला तेराचा हे आकड्यांवरून ओळखता येईना. हे माझ्या रायफलबद्दल. तुमच्या रायफलवर फरक पडणारच नाही अशी हमी मी देत नाही.

साध्या वजनाचं मात्र वेगळं. बॅरलवर वजन लावलं की रायफलचा तोल बदलतो, नळीचं टोक कमी डुलतं. तो फायदा क्लॅम्पमध्ये दिसणारच नाही, तो खांद्यावरच तपासायचा. आणि तिथे रुमाल कुचकामी, कारण मारणाऱ्या पोराला वजन हाताला कळतंच. निदान चिठ्ठ्या तरी टाका.

अजून एक गंमत. रिंग विकत घेतात कधी? मुलाचा स्कोअर पडल्यावर. पडलेला स्कोअर चार दिवसांत बहुतेक आपणहून जागेवर येतो. ताप उतरायच्या दिवशी लावलेला अंगारा गुणकारी ठरतो, तसंच हे.

तेव्हा विकत घेऊ नका. माझी रिंग कपाटात पडलीय, महिनाभर घेऊन जा. चिठ्ठ्या मात्र आईनेच काढायच्या, आणि वही मुलाला दाखवायची नाही.