मेन्यूकार्डावरची फ्रेंच पाहुणी

मालवण-तारकर्लीपासून गुहागरपर्यंत घरगुती खानावळी आणि होमस्टे आता इंग्रजी मेन्यूकार्ड छापून घेतात. त्यात फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले शब्द असतातच. चुकीचा शब्द पडला, की गिऱ्हाईक भलत्याच पदार्थाची वाट बघत बसतं.

सगळ्यात जास्त घोळ 'फिलेट'चा. फिलेट म्हणजे पाठीच्या काट्याला समांतर सुरी चालवून सोडवलेलं, काटा काढलेलं मांस. आपण सुरमई आडवी कापतो, मधला काटा तुकडीतच राहतो. अशा तुकडीला इंग्रजीत 'स्टेक' म्हणतात, फ्रेंच स्वयंपाकघरात 'दार्न'. कार्डावर 'सुरमई फिलेट फ्राय' वाचून कुणी लहान मुलासाठी मागवलं आणि ताटात काटा निघाला, तर तक्रार रास्तच आहे. 'सुरमई स्लाइस' लिहा, सगळ्यांना कळतं. पापलेट अख्खं देत असाल तर तसं लिहा आणि दर आकारानुसार, हेही.

रवा लावून तव्यावर तळलेल्या माशाला 'सोते' म्हणू नये. सोते म्हणजे मोठ्या आचेवर, थोड्याशा तेलात, भांडं हलवत भराभर परतणं. तसं केलं तर रव्याचं आवरण सुटून तव्यातच राहील. आपला प्रकार 'शॅलो फ्राय'.

'आ ला कार्त' म्हणजे कार्डावरून निवडायचं, प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे. ठरलेल्या दरात ठरलेलं जेवण असेल तर ते 'ताब्ल दोत'. भात, कालवण, तळलेली तुकडी, भाकरी, सोलकढी एका दरात देणारी आपली थाळी या दुसऱ्या प्रकारातली. तेव्हा 'आ ला कार्त थाळी' हे शब्द एकत्र नांदूच शकत नाहीत. थाळीला थाळीच म्हणावं. जादा तुकडीचा आणि जादा सोलकढीचा दर मात्र खाली स्वतंत्र छापावा.

'आंत्रे' टाळलेलाच बरा. फ्रान्समध्ये तो जेवणाच्या सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेत मुख्य पदार्थ.

खोल्यांच्या दरपत्रकात 'ऑन स्वीट' म्हणजे खोलीला लागून असलेलं, फक्त त्याच खोलीचं न्हाणीघर. नुसतं 'स्वीट' म्हणजे बैठकीची जागा असलेली मोठी खोली. पडवीतून जावं लागणाऱ्या बाथरूमला पहिला शब्द लावणं म्हणजे फसवणूकच.

लग्नपत्रिकेवर 'प्लीज आर. एस. व्ही. पी.' नको. ही अक्षरं म्हणजे 'कृपया उत्तर कळवा' या अर्थाच्या फ्रेंच वाक्याचं लघुरूप, त्यात 'कृपया' आधीच आहे. त्याखाली फोन नंबर आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं ते घाला.