तुम्ही विचारलंत म्हणून: मी आधी वजन का विचारतो

कुठल्याही परफॉर्मन्स कारचा विषय निघाला की मी पहिल्यांदा तिचं वजन विचारतो, आणि समोरचा हमखास म्हणतो, अहो सातशे हॉर्सपॉवर आहेत ना, मग दोनशे किलो इकडे तिकडे झाले तर काय बिघडतं? इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीटच सांगतो.

सरळ रस्त्यावर फार बिघडत नाही, हे कबूल. तिथे वजनाची भरपाई पॉवरने होते. टॉप स्पीडला तर वजनाचा जवळजवळ संबंधच नाही, तिथली झुंज हवेशी असते आणि हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. बुगाटी वेरॉन जवळपास 1,900 किलोची, तरी 1,001 हॉर्सपॉवरच्या जोरावर ताशी 400 किलोमीटरच्या वर गेलीच की.

पण वळण आलं की इंजिन काही कामाचं नाही. तिथे गाडीला धरून ठेवतात ते चार टायर, आणि प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग असतो जेमतेम तळहाताएवढा. बऱ्याच जणांना वाटतं की गाडी जड असली की टायर जास्त दाबला जातो, मग ग्रिपही तेवढीच वाढते, म्हणजे फिट्टंफाट. शाळेत घर्षण असंच शिकवलं होतं ना. रबर तसं वागत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर ग्रिप वाढते पण दुप्पट होत नाही, आणि त्याच वेगात तेच वळण घ्यायला लागणारं बळ मात्र पुरेपूर दुप्पट लागतं. ही मधली तूट हेच जड गाडीचं खरं दुखणं आहे. त्यात वळताना भार आतल्या टायरवरून बाहेरच्या टायरवर सरकतो, आतला जेवढी ग्रिप गमावतो तेवढी बाहेरचा कमवत नाही, म्हणजे एकूण ग्रिप घटतेच. म्हणूनच अशा गाड्या बुटक्या आणि रुंद करतात, गुरुत्वमध्य खाली आला आणि चाकं लांब लांब गेली की भार कमी सरकतो.

वजन किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं. दोन्ही टोकांना भरलेली कावड खांद्यावर घेऊन झटकन वळायला गेलात तर ती लवकर वळत नाही, आणि एकदा वळायला लागली की थांबतही नाही. तेच वजन मधोमध पोटाशी धरलं तर सहज वळता. इंजिन दोन अ‍ॅक्सलच्या (म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसांच्या) मध्ये बसवायचं कारण हेच. निसान जीटी-आर 1,700 किलोच्या वरची, पण गिअरबॉक्स मागे नेऊन वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटलं आणि चारही चाकांना ताकद इतक्या हुशारीने दिली की तिने जर्मनीतल्या नूर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकवर हलक्या गाड्यांना मागे टाकलं. मला तिच्या इंजिनीअर लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

तरी माझं मन लोटस एलिसवर. 1996 ची पहिली एलिस साधारण 725 किलो, इंजिन फक्त 118 हॉर्सपॉवरचं. अ‍ॅल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली तिची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, 68 किलोच्या आसपास. दोन टनाच्या गाडीला वजनाच्या मानाने पॉवरचं हेच प्रमाण गाठायला सव्वातीनशे हॉर्सपॉवर लागतील, मग त्याला मोठे रेडिएटर, दणकट गिअरबॉक्स, मोठे ब्रेक, रुंद टायर, म्हणजे पुन्हा वजन वाढलं, मग पुन्हा पॉवर वाढवा, हे थांबतच नाही.

आणि ब्रेक! एका ट्रॅकवर मी एका दिवसात दोन गाड्या चालवल्या, एक जड आणि प्रचंड ताकदवान, दुसरी हलकी, निम्म्या पॉवरची. पहिल्या दोन लॅप जड गाडीने मला वेड लावलं, चौथ्या लॅपला ब्रेक पेडल मऊ पडून खाली जायला लागलं, कारण थांबताना गाडीची सगळी गतिज ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते आणि वजन दुप्पट तर उष्णताही दुप्पट. पुढचे टायरही तापून गाडी वळणात बाहेर पळायला लागली. मी गाडी आत आणली. हलकी गाडी दुपारभर तशीच चालत राहिली, विसाव्या लॅपलाही स्टिअरिंगमधून पुढचा टायर काय करतोय ते हाताला कळत होतं.